तुले काय पायजे?

आमच्याकडे बाई विहिरीत उडी मारत नाही, ती ‘विहीर जवळ करते’. वडनेर भोलजीच्या शाळेत होते तेव्हा हे शब्द इतक्यांदा कानावर पडले, की त्यातल्या ‘जवळ’कडे कधी लक्षच गेलं नाही. ओसरीवर बायका तूर पाखडत बसायच्या. कुणाच्या तरी सुनेचा विषय निघायचा, आवाज खाली जायचा, आणि शेवटी एखादी म्हणायची, ‘केली मंग तिनं विहीर जवळ.’ त्यापुढं काही नाही. सूप हलत राहायचं.

तो ‘जवळ’ मला उमगला पुण्यात, भाड्याच्या खोलीत, पस्तिशी ओलांडल्यावर. रात्री एकटी ‘रिंगू’ पाहत होते. हिदेओ नाकाता यांचा १९९८चा हा जपानी चित्रपट कोजी सुझुकी यांच्या १९९१च्या कादंबरीवर बेतलेला आहे. एक व्हिडिओ टेप पाहणारा माणूस सात दिवसांनी मरतो, एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. टेपमध्ये एक विहीर दिसते आणि विहिरीतून केस तोंडावर आलेली, पांढऱ्या कपड्यातली सादाको बाहेर येते. सगळे या जागी घाबरतात. मी त्याआधीच गार पडले होते. सादाकोला विहिरीत ढकललं तेव्हा ती मेलेली नव्हती. वर चढायची धडपड करताना तिची नखं दगडांत रुतून तुटली होती. पत्रकार रेइको त्या विहिरीत उतरते, पाण्यातली कवटी हाती लागते, आणि ती तिला छातीशी धरते. जवळ करते. आमच्या बायका विहीर जवळ करतात, आणि इथं पहिल्यांदा कुणीतरी विहिरीतल्या बाईला जवळ करत होतं. त्या रात्री मला झोप आली नाही. त्याला भीती म्हणता येणार नाही.

वडनेर भोलजी हे बुलडाणा जिल्ह्यातल्या नांदुरा तालुक्यातलं घाटाखालचं गाव. मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, जुन्या सहा नंबरच्या हायवेवर. या रस्त्यानं जाणाऱ्यांना नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती लक्षात राहतो, वडनेर मागं पडतं. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. थोडं उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जिथं विहीर खोदली तरी पाणी खारटच लागतं. शेतकरी आत्महत्यांमुळं २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं, त्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत बुलडाणा होता. गेलेल्या माणसाची नोंद होते, प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. मागं राहिलेल्या बाईचं पुढं काय झालं हे विचारणारा रकाना कागदावर फारसा नसतो. अशा बायका आमच्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्यामुळंच मी हे जपानी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहू लागले. तिथली भुतं मला परकी वाटली नाहीत.

आधी पायांचं सांगते. जपानी भुताला पाय नसतात. अठराव्या शतकात मारुयामा ओक्यो या चित्रकारानं एका स्त्रीचं भूत रंगवल्याचं सांगतात. मोकळे केस, फिकट कपडे, आणि कमरेखाली आकृती विरत गेलेली. पुढं तीच चाल पडली. प्रेताला घालायचं पांढरं वस्त्र, मोकळे केस, पाय नाहीत. आपल्या हडळीला पाय असतात, पण उलटे. लहानपणी आम्ही पोरी धुळीत उलटी पावलं उमटवून खेळायचो. बिनपायांची बाई कुठं जाऊच शकत नाही, जिथं मेली तिथंच तरंगत राहते. उलट्या पावलांची बाई चालत राहते, पण तिचा माग काढणारा नेमका ती जिथून निघाली तिथं पोचतो. तिला कुणी कधी गाठू शकत नाही. दोन दूरच्या मुलखांनी, एकमेकांना न विचारता, एकट्या बाईची दोन चित्रं काढली आहेत.

आपल्याकडच्या भुतांची नावं बारकाईनं पाहिली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्यानं लोकसमजुतींच्या नोंदी गोळा केल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या, तोच हा जॅक्सन. त्या रात्री तिथं ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. कोवळ्या पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्यावरचं देवलांचं नाटक. जॅक्सनच्या मागं त्या नोंदी आर. ई. एंथोवेन यांनी संपादून छापल्या. त्यांतल्या कोकणच्या भागात बायकांची भुतं कशी वाटून दिलेली आहेत पाहा. सवाष्ण मेली तर जखीण. विधवा मेली तर लावसट. बाळंतपणात किंवा विटाळात मेली तर हडळ. बाळंतिणीच्या भुताला अळवंतीण असाही जुना शब्द आहे. पुरुषांच्या भुतांत समंध, खवीस, झोटिंग, मुंजा. त्यात जात दिसते, धर्म दिसतो, मुंजीचं वय दिसतं. बाईच्या भुताला एकच प्रश्न: नवरा होता का, पोर झालं का? मेल्यावरही ओळख तेवढीच. जपानमध्येही बाळंतपणात मेलेल्या बाईचं वेगळं भूत आहे, उबुमे. ती रात्री वाटेत उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हातातलं बाळ धरायला सांगते.

हे योगायोगानं जुळलेलं नाही. जपानमध्ये १८९८च्या नागरी कायद्यानं ‘इए’ म्हणजे घराणं हाच कुटुंबाचा पाया ठरवला. घराण्याचा कर्ता पुरुष, बाकी सगळे त्याच्या हाताखाली. हा कायदा १९४७पर्यंत टिकला. शाळांमधून मुलींना ‘र्योसाई केन्बो’ शिकवलं गेलं, म्हणजे उत्तम पत्नी आणि शहाणी आई. घराण्याची थडगी असतात, तिथं पूर्वजांची सेवा होते, आणि आपल्या पितृपक्षासारखा ओबोनचा सण येतो. पण ज्या मृताला मागं कुणी नाही, त्याला ‘मुएनबोतोके’ म्हणतात, ज्याचं कुणाशी नातं उरलं नाही असा. आपल्याकडे पितृपक्षात अविधवा नवमी असते, अहेवपणी गेलेल्या बाईची तिथी. माझी एक आत्या लग्नाआधीच वारली होती. ‘तिची तिथी कोणती?’ असं मी एकदा आजीला विचारलं. आजी बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘तिले कुठी बसवाव वं पोरी?’

‘रिंगू’मधल्या सादाकोच्या आईला दिव्यदृष्टी असते. शास्त्रज्ञ तिचा जाहीर प्रयोग करतो, पत्रकार तिला लबाड ठरवतात, ती जीव देते. याच्या मागं एक खरी बाई असल्याचं मानलं जातं. कुमामोतोकडची मिफुने चिझुको. टोकियोच्या विद्यापीठातले तोमोकिची फुकुराई यांनी १९१०मध्ये तिच्यावर प्रयोग केले, वर्तमानपत्रांतून संशयाची राळ उडाली, आणि १९११च्या जानेवारीत तिनं विष घेतलं. वय २४. तिच्या अंगी शक्ती होती का, याच्याशी मला कर्तव्य नाही. एक बाई भर सभेत बसवली जाते, सगळे पुरुष तिची परीक्षा घेतात, आणि ती नापास झाली की सगळे घरी जातात. तिनं कुठं जावं?

जपानी दिग्दर्शक मिइके यांच्या ‘ऑडिशन’मध्ये (१९९९) हेच दृश्य वेगळ्या रूपात येतं. विधुर आओयामाला दुसरं लग्न करायचंय. त्याचा चित्रपटनिर्माता मित्र खोटी ऑडिशन ठेवतो. मोठ्या रिकाम्या खोलीच्या मधोमध खुर्ची, समोर टेबलामागं दोन पुरुष, हातात अर्ज. एकामागून एक मुली येतात, बसतात, उत्तरं देतात. परदेशी प्रेक्षक या भागात हसतात म्हणे. मला हसता आलं नाही. मी त्या खुर्चीवर बसलेली आहे. आमच्या बैठकीतली लाकडी खुर्ची, डोक्यावर पदर, हातात पोह्यांचा ट्रे, समोर पाच पाहुणे. ‘स्वयंपाक येते का? वावरात जातीन का? थोडं चालून दाखव.’ नकार आला की कुणी कारण सांगायचं नाही. मी असे नऊ कार्यक्रम दिले. दहाव्याच्या आधी बाबा गेले आणि ते सगळंच थांबलं.

आओयामा असामी नावाच्या ज्या मुलीला निवडतो, ती शांत, नम्र, पांढऱ्या कपड्यातली, त्याला हवी तशी. नंतर एका दृश्यात ती आपल्या खोलीत जमिनीवर मान घालून बसलेली दिसते. केस तोंडावर. समोर टेलिफोन. त्याचा फोन येईपर्यंत ती तशीच बसून आहे. मागं एक पोतं आहे, ते मधेच हलतं, आणि प्रेक्षक पोत्याकडे पाहतो. पण खरं भयंकर आहे ते टेलिफोनपुढचं बसणं. शेवटच्या रक्तपातामुळं ‘ऑडिशन’ गाजला, तो भाग मला पाहवत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. चित्रपट तिथं आपल्याच नायिकेवर अन्याय करतो. तिला राक्षसीण केलं, की टेबलामागचे दोघं सुटतात.

मराठीत या जातीचं काय आहे? वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) आहे, आशा काळे यांनी साकारलेली भेदरलेली तरुणी त्यातली. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) आहे. पूजा सावंतची गरोदर नेहा शहरातून पळून उसाच्या फडाच्या मधल्या घरात येते, उषा नाईक यांची तुळसाबाई तिची काळजी घेते, आणि हळूहळू कळतं की या फडात मुली जन्मू दिलेल्या नाहीत. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं २००१मध्ये ९१३ मुली होत्या, २०११मध्ये ८९४ उरल्या. ज्या उरल्या नाहीत, त्यांना चित्रपटानं फडात लपाछपी खेळायला आणलं. पाहताना मला कानेतो शिंदो यांचा ‘ओनिबाबा’ (१९६४) आठवत राहिला. माणसापेक्षा उंच गवत, लढाईवर गेलेला मुलगा, मागं राहिलेल्या सासू-सुना. सून आपल्याला सोडून दुसऱ्या पुरुषाकडं जाईल या धास्तीनं सासू राक्षसाचा मुखवटा घालून तिला भेवडवते, आणि मुखवटा चेहऱ्याला चिकटून बसतो, निघत नाही. आमच्याकडे याला मुखवटा लागत नाही. एकटं पडण्याच्या भीतीनं कितीतरी बायका सुनेच्या वाटेत उभ्या राहिल्या आणि तोच चेहरा घेऊन मेल्या.

पण माझ्या मनात घर करून बसलं ते शेखर ताम्हाणे यांचं ‘सविता दामोदर परांजपे’. ऐंशीच्या दशकातलं हे नाटक रीमा यांच्या भूमिकेमुळं लोकांच्या आठवणीत राहिलं. २०१८मध्ये स्वप्ना वाघमारे-जोशी यांनी त्यावर चित्रपट केला. शरद आणि कुसुम हे जोडपं. कुसुमचं दुखणं वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. मग तिच्या तोंडून दुसरीच बाई बोलते आणि आपलं नाव सांगते. सविता दामोदर परांजपे. शरदवर जीव टाकणारी, न स्वीकारलेली, जीव दिलेली.

पूर्ण नाव. बापाच्या नावासकट. मराठी बाईच्या नावात मधे कुणीतरी पुरुष असतोच, आधी बाप, मग नवरा. सविता ज्या नावानं मेली त्याच नावानं परत येते, कारण दुसरं नाव तिला मिळालंच नाही. आणि ते नाव ती सांगते ते दुसरीच्या तोंडून, जिला ते दुसरं नाव मिळालं तिच्या तोंडून. जपानच्या नागरी कायद्याचं ७५०वं कलम आजही नवराबायकोला एकच आडनाव लावायला लावतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१५मध्ये आणि पुन्हा २०२१मध्ये ते ग्राह्य धरलं. कायद्यात कुणाचं आडनाव हे सांगितलेलं नाही, पण बहुतेक ठिकाणी बदलते ती बाईच. वडनेरमध्ये तर सासरी आलेल्या कितीतरी बायकांचं नाव मला आजही माहीत नाही. मलकापूरवाली, मोताळावाली, जळगाववाली.

नाव विचारण्यावरून सैलानी आठवतं. बुलडाणा जिल्ह्यातच, पण घाटावर, पिंपळगाव सराई इथं सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीला नारळांची मोठी होळी पेटते, लाखो माणसं येतात, सगळ्या धर्मांची. वर्षभरही लोक आपल्या माणसांना घेऊन येतात, ‘बाहेरचं’ झालं म्हणून, डोकं फिरलं म्हणून. मी दोनदा गेले आहे. केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बायका पाहिल्या. पहिल्यांदा गेले तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि आईच्या पदरात तोंड लपवलं होतं. दुसऱ्यांदा कान देऊन ऐकलं. गावातल्या भगताकडे असो की कुठंही, झपाटलेल्या बाईला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. तू कोण? कुठली? आणि मग, ‘तुले काय पायजे?’

हा प्रश्न ऐकला आणि मी तिथंच बसले. सून म्हणून आल्यापासून त्या बाईला हे कुणी विचारलं असेल? ती घुमायला लागल्यावर सासरा हात जोडतो, नवरा दूर उभा राहतो, सासू गप्प होते. भूत साडी मागतं, पुरणपोळी मागतं, माहेरी जायचं म्हणतं. एरवी तिनं मागितलं असतं तर? आय. एम. लुईस या मानववंशशास्त्रज्ञानं १९७१च्या आपल्या पुस्तकात जगभरातल्या अशा झपाटण्याकडे दबलेल्या बायकांची आडवाटेची तक्रार म्हणून पाहिलं. मला त्यात भर घालायचीय ती एवढीच, की तक्रारीआधी एकटेपण येतं. तक्रार करायलाही समोर कुणीतरी लागतं.

त्या प्रश्नानंतर जे होई, तेही सांगायला हवं. मिरचीची धुरी, चाबूक, साखळदंड. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ला झालेल्या हत्येनंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि वर्ष संपायच्या आत कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब ही आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडानं बांधणं, मारणं, धुरी देणं. हा कायदा हवाच होता, त्यासाठी एका माणसाचा जीव गेला. डॉक्टरकडे नेणंही हवंच, आणि आज घाटाखालच्या गावांतून पूर्वीपेक्षा जास्त लोक नेतात. पण दवाखान्यातल्या कागदावर ‘तक्रार किती दिवसांपासून’ असं लिहिलेलं असतं. तुला काय हवं, हे तिथंही विचारायला वेळ असतोच असं नाही.

‘रिंगू’चा शेवट याच ठिकाणी माझ्या काळजाला लागतो. हाडं सापडली, रेइकोनं कवटी कवटाळली, आता सादाको शांत होईल असं सगळ्यांना वाटतं. आपल्या गोष्टींत तसंच होतं, अंत्यसंस्कार केले की भूत सुटतं. इथं होत नाही. दुसऱ्या दिवशी ती टीव्हीतून बाहेर येते आणि रेइकोच्या घटस्फोटित नवऱ्याला मारते. मेल्यावर दाखवलेली दया तिला पुरत नाही. आपल्याला सगळ्यांनी पाहावं, एकानं दुसऱ्याला दाखवावं, हे तिचं मागणं आहे. कादंबरीत पत्रकार पुरुष होता. नाकातांनी त्याची घटस्फोटित आई केली, उशिरापर्यंत काम करणारी, जिचा छोटा मुलगा घरी एकटा राहतो आणि तिच्यासाठी कपडे काढून ठेवतो. तिथून पुढं त्या पोराकडं पाहताना सतत वाटत राहतं, याला कुणी विचारतंय का?

गेल्या दिवाळीत वडनेरला होते. कापसाची वेचणी जोरात होती. एका रात्री लॅपटॉपवर ‘डार्क वॉटर’ (२००२) लावला. हाही नाकातांचाच. आई, मामी, चुलत वहिनी, आणि शेजारच्या एक काकू. काकूंचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी सासरी, मुलगा सुरतेला. मी प्रत्येक वाक्य थांबवून मराठीत सांगत होते. योशिमी घटस्फोट घेतेय, पोरीचा ताबा मिळवायला झगडतेय. जपानमध्ये तेव्हा ताबा दोघांतल्या एकालाच मिळायचा. दोघांनाही ठेवता येईल असा बदल संसदेनं २०२४मध्ये केला. स्वस्तातल्या फ्लॅटमध्ये ती पोरीला घेऊन राहायला येते. छतातून पाणी ठिबकतं. कामावरून निघायला उशीर होतो, बालवाडीच्या दारात पोर एकटी थांबते. योशिमीसुद्धा लहानपणी अशीच थांबलेली असते. आणि वरच्या मजल्यावरची, टाकीत बुडून मेलेली मित्सुको, तीही आई न्यायला येईल म्हणून थांबली होती.

‘लाल बॅग कोनाची हाय वं?’ मामींनी विचारलं. मित्सुकोची, मी सांगितलं. मग त्या पदर तोंडाला लावून बसल्या.

शेवटी योशिमी मित्सुकोला जवळ घेते. आपल्या पोरीला वाचवायचं तर या पोरीची आई व्हायला हवं. लिफ्टचं दार लागतं. दहा वर्षांनी मोठी झालेली इकुको त्या ओसाड इमारतीत येते, तर ते घर स्वच्छ, आणि आई आत.

वहिनी म्हणाली, ‘अशी कशी गेली? सोताच्या लेकरूले सोडून?’

काकू म्हणाल्या, ‘गेली नाई वं ते. थांबून राह्यली.’

मी त्यांना सांगितलं, जपानमध्ये घरी आलं की दारातून म्हणायचं ‘तादाइमा’, आले मी. आतून कुणीतरी म्हणतं ‘ओकाएरी’, आलीस का. आपण निघताना ‘येते’ म्हणतो तसं. एकट्या माणसांचं प्रमाण तिथं इतकं वाढलंय की २०२१मध्ये एकटेपणासाठी वेगळा मंत्री नेमावा लागला. पोलिसांच्या आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात एकटी राहणारी ७६ हजार माणसं आपल्या घरात मेली. काकूंनी आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाल्या, ‘मंग आतून कोन बोलत असीन तिच्यासंगं?’

बाकीच्या गेल्या. काकू चपला शोधत होत्या. मी जेवढे चित्रपट पाहिलेत, त्यात हा प्रश्न मेलेल्या बाईलाच विचारला जातो. म्हणून विचारलं, ‘काकू, तुमाले काय पायजे?’

त्यांना वाटलं मी चहाचं विचारतेय. ‘नको वं, रात झाली.’

‘तसं नाई. तुमाले. काय पायजे?’

हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा. काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. ‘वावरातून आलं का,’ त्या म्हणाल्या, ‘घरातला लाइट कोनी लावून ठेवेल पायजे. बस.’

मी मोबाइलची बॅटरी लावून त्यांच्या दारापर्यंत गेले. कुलूप त्यांनी चाचपून उघडलं. आत अंधार होता. लाइट त्यांनीच लावला.